पांढऱ्या कावळ्याचा फोटो मिळाला, पण आता त्याचीच काळजी लागलीय

गिरगावची_काकू
नमस्कार मंडळी. मी चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी पोळीचा तुकडा ठेवते. गेल्या सोमवारी त्यांच्यात एक पांढरा येऊन बसला. आधी कबूतर वाटलं. मग त्याने पंख थरथरवत चोच वासली आणि एका काळ्या कावळ्याने त्याला भरवलं! पिल्लूच ते.

मुलाचा जुना झूमवाला कॅमेरा काढला. तेवीस फोटोंपैकी एकवीस म्हणजे नुसता पांढरा डाग. दोन बरे आले. चोच मळकट पिवळसर, पाय गुलाबी, शेपटीची टोकं जुन्या केरसुणीसारखी झिजलेली. एवढंसं पिल्लू आणि पिसं अशी कशी? हा अल्बिनो का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकला, तो कुठून कुठे गेला. दुसऱ्या दिवशी तिघे अनोळखी लोक मोठाल्या लेन्स घेऊन गॅलरीत. एकाने उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवून त्याला उडवलं. पिल्लू धड उडेना, खालच्या पत्र्यावर आपटलं. संध्याकाळी कोणीतरी वॉचमनला विचारत होतं, घरटं कुठल्या झाडावर आहे. पितृपक्ष तोंडावर आलाय, तेव्हा तर गर्दीच होईल. काय करू?

भांडुपचं_खाजण
काकू, डोळा बघा. लालसर असेल तर अल्बिनो. डोळ्यात रंगद्रव्यच नसतं, आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग दिसतो, आणि नजरही अधू असते. डोळा नेहमीसारखा गडद असेल तर ल्युसिझम, म्हणजे रंग फक्त पिसांतून गेलाय. पिसं झिजण्याचं कारणही तेच. काळं रंगद्रव्य, मेलॅनिन, पिसाला बळकटी देतं, ते नसलं की टोकं लवकर झडतात.

पांढरा डाग येतो कारण आजूबाजूच्या काळ्या कावळ्यांमुळे कॅमेरा उजेड वाढवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे एक करा. ऊन चढायच्या आत काढा आणि फोकस डोळ्यावर ठेवा.

शिवडी_ओहोटी
फोटो आजच ग्रुपवरून काढा. २०१९ साली पावसाळ्यात मला तिबोटी खंड्याचं घरटं सापडलं होतं, ओढ्याकाठच्या मातीत आडवं बीळ. आनंदाच्या भरात जागा सांगून बसलो. तिसऱ्या दिवशी गेलो तर बिळासमोरची फांदी कोयत्याने छाटलेली, फोटो मोकळा यावा म्हणून. नर-मादी लांबून ओरडत होती, चोचीत मासा, पण आत जाईनात. ते ओरडणं अजून कानात आहे. त्यानंतर घरट्याचा एकही फोटो मी काढलेला नाही.

नोंद मात्र नक्की करा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर साध्या कावळ्याखालीच टाका, टिपणीत रंग लिहा. जागा नेमकी देऊ नका, नुसतं दक्षिण मुंबई पुरे. शिवाय लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस, म्हणजे बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या निसर्ग-अभ्यास संस्थेचं कार्यालय, तुम्हाला जवळच आहे. बीएनएचएस १८८३ पासून अशा नोंदी जपतेय, फोटो तिथे दाखवा. कोणी पकडायला आलंच तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

गिरगावची_काकू
फोटो काढून टाकला. पुढे गेलेल्यांचं आता माझ्या हातात नाही. वॉचमनला सांगून ठेवलंय, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यातच खुर्ची टाकून बसतात, अनोळखी माणसाला वर सोडत नाहीत.

उणे एक केल्यावर आज पिसन् पीस दिसलं. डोळा काळा आहे, अगदी इतर कावळ्यांसारखा. पण पलीकडच्या गल्लीतले कावळे त्याला टोचतात, काल मानेवर लहानशी जखम दिसली. आई आली की ते पांगतात. पोळी मी आता कठड्याऐवजी आत, तुळशीच्या कुंडीमागे ठेवते. जखम आपोआप भरेल ना? कोणाला अनुभव असेल तर सांगा.