इयान राइटच्या १९९२ आधीच्या मॅचेस कुठे मिळतील? मदत हवी आहे

मंडळी, नव्वदच्या आसपासचा इंग्लिश फुटबॉल ज्यांनी बघितलाय किंवा ज्यांच्याकडे जुन्या रेकॉर्डिंगचा साठा आहे त्यांची मदत हवीये. मी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या पोरांचं संध्याकाळी कोचिंग घेतो. त्यातली सोळा-सतराची काही पोरं एका निवड चाचणीत बाहेर पडली आणि तेव्हापासून आपलं वय गेलं असं धरून ग्राउंडवर यायचीच बंद झालीत. त्यांना बोलावून प्रोजेक्टरवर इयान राइट दाखवायचाय.

राइटच का, तर हा इंग्लंडचा स्ट्रायकर २१ व्या वर्षापर्यंत प्रोफेशनल नव्हताच. ब्रायटनने ट्रायल घेऊन परत पाठवलेला, साउथ लंडनमध्ये मजुरीची कामं करत रविवारच्या मॅचेस खेळायचा, मध्ये गाडीचे दंड भरले नाहीत म्हणून थोडे दिवस जेलमध्येसुद्धा जाऊन आला. १९८५ मध्ये मॅनेजर स्टीव्ह कॉपेलने लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबला घेतला आणि तिथून पुढे पॅलेससाठी ११७ आणि आर्सेनलसाठी १८५ गोल! आर्सेनलचा तो सर्वाधिक गोलांचा रेकॉर्ड २००५ मध्ये थिएरी आँरीने मोडेपर्यंत टिकला.

आता अडचण अशी की नेटवर शोधलं की सगळं प्रीमियर लीगपासूनच, म्हणजे १९९२ पासूनच सुरू होतं. तिथल्या गोलांच्या यादीत राइटचे ११३ आणि सगळ्यात वर असलेल्या अ‍ॅलन शिअररचे २६०, पोरं लगेच म्हणणार सर हा तर निम्म्यातपण नाही. पण प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा राइट २८ वर्षांचा होता, त्याचा पॅलेसचा अख्खा काळ आणि आर्सेनलचा पहिला सीझन त्यात धरतच नाहीत, हे मला फार खटकतं. १९९१-९२ ला तो २९ गोल मारून लीगमध्ये टॉपला होता, तेही शेवटच्या दिवशी साउदॅम्प्टनविरुद्ध हॅटट्रिक मारून, इंग्लंडचाच स्ट्रायकर गॅरी लिनेकर २८ वर राहिला.

तर मला हवंय ते असं. एक म्हणजे ती साउदॅम्प्टनची मॅच, नुसते गोल नकोत, जमलं तर पूर्ण. दुसरी १९९० ची एफए कप फायनल, पॅलेस विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. त्या सीझनला राइटच्या नडगीचं हाड दोनदा मोडलेलं, त्यामुळे बेंचवर बसवलेला, मागे असताना उतरवला आणि उतरल्या उतरल्या बरोबरी केली, मग एक्स्ट्रा टाइममध्ये अजून एक. शेवटी ३-३ झाली आणि रिप्ले पॅलेस १-० ने हरले ते वेगळं, पण उतरल्यावर त्याच्या पळण्यात जी भूक दिसते ती पोरांनी बघायलाच पाहिजे.

१९९३ चा एव्हर्टनविरुद्धचा गोल माझ्याकडे आहे पण क्वालिटी खराब आहे, पाय दिसत नाहीत नीट. लांबून आलेला बॉल, डिफेंडर अंगावर, हा बॉल त्याच्या डोक्यावरून काढतो, तो वळून परत येतो तोवर पुन्हा वरून काढतो आणि गोलकीपर साउथॉल पुढे आलाय बघून त्याच्याही डोक्यावरून अलगद आत. कुणाकडे चांगली कॉपी असेल तर प्लीज द्या, मला तो स्लो करून दाखवायचाय.

अजून एक, हे जुन्या लोकांना विचारतोय. एवढे गोल असून इंग्लंडसाठी फक्त ३३ मॅचेस आणि ९ गोल, मोठ्या स्पर्धेत एकदाही नाही. ९८ च्या वर्ल्ड कपला दुखापत होती हे कळतं, पण १९९२ च्या युरोला, त्याच सीझनचा टॉप स्कोअरर असताना, तेव्हाचा इंग्लंडचा मॅनेजर ग्रॅहम टेलरने का नेला नसेल? तेव्हा वाचलेलं-ऐकलेलं काही आठवत असेल तर सांगा, पोरं हा प्रश्न विचारणारच आणि त्यांना मला थातूरमातूर उत्तर द्यायचं नाहीये.

लिंक असेल तर इथेच टाका, डीव्हीडी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुरियरचा खर्च मी देतो. येत्या रविवारच्या आत मिळालं तर फार बरं होईल.