टेस्ट शोधायच्या टूलचं डॉक्युमेंटेशन एजंटसाठी वेगळं लिहायचं का?

रात्रपाळी:
आमच्याकडे पायटेस्टवर (पायथनचं टेस्ट चालवायचं टूल) बसवलेलं एक छोटं टूल आहे, शब्द दिला की त्याच्याशी संबंधित टेस्टची यादी देतं. आता ते माणसांपेक्षा कोडिंग एजंटच (स्वतःहून कोड लिहून टेस्ट चालवणारे एआय) जास्त वापरतायत आणि त्यांच्यासाठी वेगळं पान लिहायचं का यावरून टीममध्ये दोन तट पडलेत. माझं मत, लिहायचंच, आणि पहिल्या ओळीतच सांगायचं की काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा. गो भाषेत चुकीचं नाव देऊन टेस्ट रन करा, "नो टेस्ट्स टू रन" अशी वॉर्निंग येते पण तिच्याखालीच पास, ओके आणि एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) ०. पायटेस्टमध्ये शब्द कुठल्याच टेस्टला जुळला नाही तर ते ५ देतं, जाव्हास्क्रिप्टच्या जेस्टला न जुळणारं फाइलनाव दिलं तर ते १ देऊन थांबतं. म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत पास झालेलं बघून थबकतो, एजंट ओके वाचतो आणि "सगळ्या टेस्ट पास" असं लिहून पीआर (कोड सामील करायची विनंती) टाकून मोकळा होतो.

जुनं_खोड:
असहमत. यात कमी आहे ती टूलमध्ये, पान कशाला लिहिताय. शून्य निकाल आला की टूलनेच एरर द्यावी आणि त्याच एररमध्ये सांगावं की हा शब्द कुठेच नाही, जवळपासची नावं ही. वेगळं पान लिहिलं की ते शिळं होणारच, आणि माणसाला निदान तारीख बघून शंका येते, एजंट मात्र ते प्रमाण मानून काढून टाकलेला फ्लॅगही (कमांडला जोडायचा पर्याय) वापरत बसतो. हेल्प नीट लिहा, दोघांनाही तेवढी पुरते.

रात्रपाळी:
@जुनं_खोड एरर सुधारायला हवी हे शंभर टक्के मान्य, पण हेल्पमध्ये फ्लॅग कळतात, ते कधी वापरायचे हे कळत नाही. पायटेस्टचा डॅश के हा फ्लॅग टेस्टच्या नावातला तुकडा जुळवतो, ऑर्डर शोधलं की रीऑर्डर आणि बॉर्डरच्या टेस्टही येतात, आणि शून्य निकालाच्या बरोबर उलटा हा प्रकार, यादी भरगच्च दिसते पण अर्धी भलत्याच कामाची. किंवा कलेक्ट ओन्ली हा फ्लॅग घ्या. सगळ्यांना वाटतं नुसती यादी काढतोय, पण यादी काढायला पायटेस्ट प्रत्येक टेस्ट फाइल इम्पोर्ट करतं, त्यामुळे फाइलच्या वरच्याच भागात कोणी डेटाबेस कनेक्शन उघडून ठेवलं असेल तर ते उघडतंच. हे हेल्प वाचून कोणाला कळणार सांगा.

जुनं_खोड:
मग ते कनेक्शन फिक्स्चरमध्ये (टेस्ट चालतानाच होणाऱ्या तयारीत) हलवा ना! प्रत्येक खड्ड्याशेजारी पाटी लावत बसण्यापेक्षा खड्डा बुजवावा एवढंच माझं म्हणणं. पॅरामीटर दिलेल्या टेस्टच्या नावात चौकोनी कंस येतात, मॅकवर झेड शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याचा भलताच अर्थ लावून "नो मॅचेस फाउंड" म्हणतं, आणि एजंटला वाटतं टेस्टच नाहीये. यावर पान लिहू नका, टूलने नाव छापतानाच कोट लावून छापावं, विषय संपला.

क्यूएवाली:
तुम्ही दोघंही टेस्ट कशा सापडतील यावर भांडताय, मला काळजी आहे ती सापडल्यावर काय होतं याची. आमच्या प्रोजेक्टमध्ये पेमेंटच्या काही टेस्ट खऱ्या सँडबॉक्सला (पेमेंटची चाचणी करायच्या वेगळ्या सिस्टीमला) हात लावतात आणि दोघांनी एकदम चालवल्या की दोघांच्याही फेल होतात. जुन्या माणसांना हे तोंडपाठ आहे, कोडमध्ये कुठेच नाही. मार्कर (टेस्टवर लावायच्या खुणा) लावलेत, स्ट्रिक्ट मार्कर्स हे सेटिंग चालू आहे त्यामुळे स्पेलिंग चुकलेला मार्कर लगेच पकडला जातो, पण "ह्या विचारल्याशिवाय चालवू नका" हे मार्करच्या नावात मावत नाही हो. ते कोणीतरी माणसाने बसून लिहायलाच लागतं, आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही.

म्युनिकमराठी:
लिहा पण आखडून लिहा. एजंट्स डॉट एमडी सारखी एजंटसाठीच्या सूचनांची फाइल दरवेळी कामाच्या सुरुवातीलाच कॉन्टेक्स्टमध्ये (एजंट एका वेळी जेवढं वाचू शकतो त्या जागेत) जाते, एमसीपीवरून (एजंटला टूल जोडायची पद्धत) टूल जोडलं तर त्याचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा हेही सहसा तिथेच जातं. तुम्ही चार पानं लिहिलीत तर खऱ्या कामाची ओळ त्यात बुडते. आणि टूलच्या आउटपुटचं काय? मोठ्या प्रोजेक्टात एका साध्या शब्दाला हजारो टेस्टची नावं आली की कॉन्टेक्स्ट तिथेच भरतो. मी तर पहिली काही नावं, उरलेल्यांची संख्या आणि शोध कसा बारीक करायचा याची एक ओळ, एवढंच छापायला लावेन. वर्णनात टूल काय करतं याच्याइतकंच ते काय करत नाही हेही हवं, म्हणजे "हे फक्त नावात शोधतं, टेस्टच्या आतल्या कोडमध्ये बघत नाही" असं स्वच्छ लिहायचं.

रात्रपाळी:
@म्युनिकमराठी हे पटलं, आमच्या ड्राफ्टमध्ये नेमकी हीच ओळ नाहीये, घालतो. शिळं होण्यावर उपाय आहे, पानातली उदाहरणं सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत) चालवायची, उदाहरण मोडलं की बिल्ड मोडणार. पायथनचं डॉकटेस्ट हेच तर करतं, आणि ते स्टँडर्ड लायब्ररीतच आहे.

जुनं_खोड:
उदाहरणं सीआयमध्ये चालणार असतील तर शिळेपणाचा आक्षेप मागे घेतो. क्यूएवालींची पेमेंटची गोष्टही लिहायलाच हवी, त्यावर वाद नाही. पण ते पान फक्त एजंटचं म्हणून बाजूला ठेवायला माझा विरोध कायम आहे. सँडबॉक्सची ती सूचना पहिल्याच दिवशी टेस्ट चालवणाऱ्या नव्या पोरालाही तितकीच लागते, आणि एजंटचं पान रोज घासूनपुसून लख्ख आणि माणसांचं रीडमी (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) दोन वर्षांपूर्वीचं, असं व्हायला लागलंय आजकाल, ते मला अजिबात मान्य नाही. एकच फाइल ठेवा, रीडमीमध्येच, आणि एजंटला तिकडे बोट दाखवा.

क्यूएवाली:
रीडमीत इन्स्टॉलेशन, लायसन्स, लोगो सगळं असतं, त्यात माझी ती एक ओळ कोण वाचणार? टेस्टच्या फोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवा, माणसांनाही तिथेच पाठवा. सोमवारी पेमेंटच्या टेस्टची यादी मीच लिहून टाकते, जागेवरून भांडायचं ते नंतर भांडू.