वासोट्याची वाट : डिसेंबरअखेरीस कशी असते?

सप्रेम नमस्कार,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सातारला येत आहोत. एक दिवस वासोटा किल्ल्यावर जाण्याचा विचार आहे. सोबत सासरे (वय ६७, रोज चालण्याचा सराव) आणि १० वर्षांची मुलगी असेल. आम्ही राहतो तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळांवर वाटेची ताजी स्थिती कळते, तशी वासोट्याची कुठे मिळत नाही. सध्या वाट कशी आहे, हे कुणी सांगू शकेल का?

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद

•

सस्नेह नमस्कार,

मी सध्या साताऱ्यातच मुक्कामी आहे आणि नुकताच वासोटा करून आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बामणोलीला वनविभागाची परवानगी घेऊन लाँचने शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो. त्यातच तास-दीड तास जातो. हा भाग कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येत असल्यामुळे गडावर मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळच्या आत लाँचपाशी परतावेच लागते. म्हणून साताऱ्याहून कासमार्गे पहाटेच निघावे. उशिरा निघालेल्यांची सगळी घाई शेवटी उतरणीवर होते, आणि ही वाट घाईने उतरण्याजोगी नाही.

पायथ्याला मेट इंदवलीपासून सुरुवातीची चाल ओढ्याच्या काठाने, बरीचशी सपाट आणि सावलीतून आहे. ओढ्यात पाणी कमी झाले असले तरी दगडांवरचे शेवाळ अजून पुरते वाळलेले नाही. मारुती-गणपतीच्या मूर्तींपुढे खरा चढ लागतो. इथे जंगल इतके दाट आहे की भर दुपारीही ऊन खाली पोहोचत नाही, त्यामुळे चढताना दमछाक कमी होते. अडचण पाचोळ्याची आहे. वाटेवर घोट्याएवढा कोरडा पाचोळा साचला आहे, त्याखाली सुटे धोंडे आणि मुळे दडलेली असतात, आणि पाऊल टाकल्यावरच खाली काय आहे ते कळते. चढताना हे फारसे जाणवत नाही. उतरताना मात्र टाच घसरते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. सासऱ्यांना आपण काठी अवश्य द्यावी; झिजलेल्या तळव्यांचे बूट कुणीही घालू नयेत. मुलीला उतरताना मोठ्या माणसाच्या मागे ठेवावे, पुढे धावू देऊ नये.

वर कारवीच्या झुडपांचा पट्टा संपला की ऊन लागते आणि घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या माती-दगडांचा, थोडा टप्पा येतो. त्यानंतरच्या पायऱ्या मोडक्या आहेत, तरी आधार मिळतो. सावकाश चढल्यास दोन-अडीच तास धरावेत. पाणी प्रत्येकी किमान तीन लिटर खालूनच न्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. पावसाळ्यानंतर त्रास देणाऱ्या जळवा आता जवळजवळ नाहीत. गवे मात्र आहेत, त्यामुळे सर्वांनी एकत्र चालावे; आणि कड्यांवर आग्या मोहोळ असते, म्हणून अत्तर लावू नये, धूर करू नये.

वर मारुतीचे आणि महादेवाचे मंदिर पाहून बाबूकड्याकडे जाता येते. समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर दिसतो आणि कडा थेट कोकणात कोसळतो. तिथे कठडा नाही. मुलीचा हात सोडू नये. नागेश्वरची गुहा त्याच दिवशी जोडण्याचा आग्रह अनेक जण करतात. आपल्या मंडळींसह तो बेत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरावे, मग गड समोर दिसत असला तरी.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

•

मनःपूर्वक आभार. नागेश्वर वगळला आहे. सासऱ्यांचा गुडघा कधीतरी दुखतो, हे आधी लिहायचे राहिले; तेव्हा चढ सुरू होण्यापूर्वी, ओढ्याकाठीच त्यांनी थांबावे का?

•

एकटे थांबवू नये. सोबत कुणी मोठे माणूस थांबणार असेल तर वनविभागाच्या नाक्याजवळ थांबावे, रानात नव्हे. त्यांना चढायचेच असेल, तर चढाआधीच्या मारुती-गणपतीच्या मूर्तींपाशी गुडघा कसा आहे ते पाहून तिथेच निर्णय घ्यावा. तिथून परतीची वाट सपाट आहे. वर गेल्यावर मात्र उतरणीतून सुटका नाही.