रामशास्त्री (१९४४) घरी बघायचाय, धड मराठी कॉपी कुठे मिळेल?

नारायणपेठी:
मंडळी मदत हवीय. आमची आजी ८८ ची. परवा टीव्हीवर शनिवारवाड्याचं काहीतरी चालू होतं तर एकदम म्हणाली ते बंद कर आणि रामशास्त्री लाव, गजानन जागीरदारांचा. लहानपणी अप्पा बळवंत चौकात प्रभात टॉकीजला (आत्ताचं किबे लक्ष्मी) वडिलांबरोबर (तिचे अण्णा) बघितलेला, त्यानंतर कधीच नाही. मी म्हटलं पाच मिनिटांचं काम. कसलं काय! नेटवर पहिला लावला तो हिंदी निघाला, आजी म्हणे शास्त्रीबुवा हिंदीत कधीपासून बोलायला लागले. दुसरा मराठी होता पण सगळी माणसं बुटकी नि जाडी, ललिता पवारची आनंदीबाई भाकरीएवढ्या तोंडाची, आणि आवाज असा की कढईत भजी सोडल्यात. त्यात आजीला ऐकू कमी येतं. डीव्हीडी प्लेयर केव्हाच भंगारात गेलाय. काय करू?

टिळक_रोडवरचा:
हिंदी निघाला यात नवल नाही. प्रभात फिल्म कंपनीवाले बरेच सिनेमे दोन्ही भाषांत करायचे, रामशास्त्री पण त्यातलाच. शोधताना नावापुढे मराठी असं लिही आणि लावल्यावर दोन संवाद ऐकल्याशिवाय आजीला हाक मारू नकोस.
आणि चोरीचा बघतोय असं वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, म्हणजे १९४४ चा सिनेमा २००४ संपताच मोकळा झाला. म्हणून तर कोणीही उठतो आणि अपलोड करतो, कुठल्यातरी घासलेल्या सीडीवरनं, वर स्वतःचा लोगो चिकटवून. त्यामुळे कॉप्या ढीगभर, धड एखादीच. तीन-चार उघडून बघ, वेळ किती आहे ते ताडून बघ, सगळ्यात जास्त लांबीची घे. गाणी कापलेली असतात बऱ्याचदा. 'दोन घडीचा डाव' आहे का तेवढं बघ, ते नसेल तर सोडून दे ती कॉपी.

मिसळ_विदाउट_तर्री:
त्यापेक्षा संत तुकाराम दाखव ना, १९३६ चा, व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. तो चांगला मिळतो.

टिळक_रोडवरचा:
आजीने रामशास्त्री मागितलाय हो. हॉटेलात आपण पोहे मागितले आणि उपमा चांगला झालाय म्हणून तोच आणून ठेवला तर चालेल का तुम्हाला?

कर्वेनगर_कट्टा:
माणसं जाडी दिसतात तो सिनेमाचा दोष नाही, तुमच्या टीव्हीचा आहे (किंवा अपलोड करणाऱ्याचा). जुनं चित्र चौकोनीच असतं, ४:३, आणि टीव्ही ते ओढून १६:९ करतो. सेटिंगमध्ये पिक्चर साइज ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले की समजायचं बरोबर झालं. घरातलं कोणीतरी म्हणणारच की पडदा वाया जातोय, लक्ष देऊ नका. आणि हल्ली एआयने रंगवलेल्या कॉप्या फिरतात जुन्या सिनेमांच्या, त्यांच्या वाटेला जाऊ नका, चेहरे मेणाचे होतात.
आवाजाचं म्हणाल तर व्हॉल्यूम वाढवून उपयोग नाही, खरखरही तेवढीच वाढते. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीतलं फारसं काही पकडलेलंच नसायचं, त्यामुळे ट्रेबल उतरवला तरी संवादाचं काही बिघडत नाही, भजी तेवढी तळायची थांबतात. बेसही कमी करा. टीव्हीत क्लिअर व्हॉइस असं काही असेल तर ते लावा, आणि आजींना सरळ हेडफोन द्या, तुम्ही स्पीकरवर ऐका, दोन्ही एकदम चालतं का ते मात्र आधी बघून ठेवा.

डेक्कनची_काकू:
लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये विचार की, जवळच तर आहे.

टिळक_रोडवरचा:
काकू ते घरी नाही देत, तिथे त्यांचे खेळ असतात तेव्हा जाऊन बघायचं. शिवाय जानेवारी २००३ ला त्यांच्या रिळांच्या कोठाराला आग लागली त्यात जुनी नायट्रेटची रिळं गेली, प्रभातची पण होती त्यात. नायट्रेट पेटलं की विझवणं कठीण, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. आपण यूट्यूबवरच्या कॉपीला नावं ठेवतो पण एवढं तरी उरलंय. आणि गंमत बघा, आज जिथे एफटीआयआय (फिल्म इन्स्टिट्यूट) आहे तोच प्रभातचा स्टुडिओ, १९३३ साली कोल्हापूरहून इथे आले. म्हणजे आजींच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर तयार झालेला सिनेमा आणि नातू शोधतोय जगभर.

नारायणपेठी:
अपडेट. चौथी कॉपी चालली. मराठी, गाणं शाबूत, कोपऱ्यात एक लोगो आहे पण आजीला तो दिसतच नाही. पट्ट्यांवरून बाबांनी कटकट केलीच. हेडफोन आजीने दोन मिनिटांत काढून ठेवला, कान दुखतो म्हणे, मग ट्रेबल उतरवला तर बऱ्यापैकी कळायला लागलं. राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगतात तिथे मी सहज म्हटलं हे सगळं १७७३ मध्ये आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर घडलंय, तर गप्प बस म्हणाली.
एकच घोटाळा झाला. मध्येच तिने विचारलं, मध्यंतर कधी आहे? म्हटलं या कॉपीत नाहीये. तर म्हणे असं कसं नाही, अण्णा मध्यंतरात शेंगदाणे घेऊन द्यायचे. मग थांबवला सिनेमा, तुळशीबागेच्या बाजूला जाऊन खारे दाणे आणले, ती दोन-चारच खाते, दात नाहीत, बाकीचे मुठीत धरून बसली होती शेवटपर्यंत.

मिसळ_विदाउट_तर्री:
लिंक मला पाठवा. आमच्याकडे सासूबाई आहेत ८१ च्या.