चैत्री पौर्णिमेनंतर मालवणला समुद्रपक्षी मिळतील का?

रंकाळाकाठ: हिवाळाभर पक्ष्यांसाठी कोल्हापूरचे रंकाळा आणि कळंबा तलाव पालथे घातले. आता जोतिबाची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी आईला घेऊन राधानगरी-फोंडाघाटमार्गे मालवणला निघतोय. मित्र म्हणतात, पाहुणे पक्षी परत गेले, दुर्बीण घरीच ठेव. खरंय का? आईचे गुडघे दुखतात. एका जागी बसून काही दिसेल?

खाडीवेडा: दुर्बीण घ्याच! सगळे गेलेले नसतात, आणि जे असतात ते ऐन रंगात असतात. डिसेंबरात मळकट दिसणाऱ्या छोट्या चिखल्याची (किनाऱ्यावर पळत किडे टिपणारा लहान पक्षी) छाती आता विटकरी होते, डोळ्यांवर काळी पट्टी चढते. तपकिरी डोक्याच्या कुरवांचं (सीगल) डोकं कॉफीच्या रंगाचं होतं. दोघांचीही वीण लडाख-तिबेटकडे, तिकडं जायची ही तयारी.

बसून बघायचं तर भरतीची वेळ साधा. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा. तुम्ही मुक्कामानंतरच्या सकाळी साडेआठला खाडीच्या तोंडाशी खुर्ची टाका. पाणी चढेल तसे पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकतात. ऊनही पाठीवर असतं.

गेल्या वर्षी असाच बसलो होतो. एक चिखल्या दहा-बारा फुटांवर आला. चार पावलं पळायचा, थबकायचा, वाकायचा. वाळूतून किडा ओढला तो रबरासारखा ताणला, सुटला तेव्हा पक्षी मागं धडपडला. तेवढ्यात दोन पोरं रीलसाठी थव्यात पळत घुसली. पाच वेळा उडवला तो थवा. मला फार वाईट वाटलं. हिमालय ओलांडायची चरबी ते त्याच चिखलातून गोळा करतात.

सुरयप्रेमी: कुरवांना फरसाण टाकू नका, एवढंच जोडतो. आणि वेंगुर्ला रॉक्सवर (समुद्रातली खडकाळ बेटं) उतरायचा मोह नको, तिथं सुरय (टर्न, सूर मारून मासे धरणारे समुद्रपक्षी) वीण करतात. मासे टिपणारे सुरय किनाऱ्यावरूनच बघा, सूर मारताना पाणी उडालेलंही दिसतं.

रंकाळाकाठ: जाऊन आलो. नऊच्या सुमारास बावीस चिखल्ये, सात विटकरी छातीचे. ते आईनं मोजले, मी नाही. दुर्बीण तिनं परत दिलीच नाही.