पाकिटाच्या पुढेच इशारा छापायला हवा का?

मेधा_नाशिक: बिस्किटं, वेफर्स, दुधात घालायची पावडर, सगळ्यांवर पोषणमूल्यांचा तक्ता असतो, पण मागे आणि बारीक अक्षरांत. किराणा दुकानात तर आपण नाव सांगतो आणि दुकानदार पुडा पिशवीत टाकतो, मागची बाजू बघणार कधी? चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी मर्यादेबाहेर असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोन सक्तीचा केला. अशा गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. आपल्या एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ च्या मसुद्यात मात्र तारे सुचवले, अर्ध्यापासून पाचपर्यंत. वाईट पदार्थालाही अर्धा तारा म्हणजे शाबासकीच झाली. मला स्पष्ट इशारा हवा.

दुकानदार_सांगली: गिऱ्हाईक पाकीट उलटं करतं ते तारीख आणि एमआरपी बघायला. इशारा दिसला तर ते पाकीट ठेवून सुटी शेव, खारी नेतील. त्यावर काय छापणार? आणि चिलीत त्याच कायद्याने शाळांतली विक्री थांबली, मुलांना भुलवणारी पाकिटावरची कार्टून्सही गेली. २४ टक्के एकट्या अष्टकोनाच्या खात्यावर कसे मांडता?

मेधा_नाशिक: ते सगळं इथेही हवंच. पण शिक्का टाळायला तिथल्या कंपन्यांनी साखर आणि मीठ कमी केलं, हे विसरू नका. लेबल न वाचणाऱ्यालाही त्याचा फायदा झाला.

आहारतज्ज्ञ_पुणे: साखर कमी झाली, पण तिच्या जागी कृत्रिम स्वीटनर वाढले. तरी मी इशाऱ्याच्या बाजूने आहे. रक्तदाबाच्या रुग्णांना मी सांगते, सोडियमला अडीचने गुणा म्हणजे मीठ कळेल. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. हा हिशेब दुकानात उभं राहून कोण करणार? मात्र मर्यादा दर १०० ग्रॅम पदार्थामागे ठरवली तर लोणच्यावर हमखास शिक्का बसेल, आणि लोणचं आपण फोडीने खातो.

दुकानदार_सांगली: तेच म्हणतोय! माझ्याकडे बचत गटाच्या बायका पापड-लोणची ठेवतात. मोठी कंपनी रेसिपी बदलेल, छपाई बदलेल. यांना लॅबची तपासणी तरी परवडेल का?

मेधा_नाशिक: त्यांना जास्त मुदत द्या, तपासणीचा खर्च सरकारने उचलावा. पण त्यांना पुढे करून कोल्ड्रिंकवाल्यांना सोडू नका. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण शाकाहाराचा हिरवा ठिपका ती न चुकता बघते. खूण सोपी असली की लोक बघतात.

दुकानदार_सांगली: तो ठिपका चालला, कारण शाकाहार घराघरांत आधीपासून पक्का होता. साखरेचं तसं नाही. ज्या घरात कुणाला शुगर निघाली, तेच विचारतात. बाकीचे मुलाच्या हट्टापुढे पाच रुपये काढतात, पुढे काहीही छापा.