मदत हवी आहे: दसऱ्याला १४ माणसांचं जेवण, दोनच शेगड्या

नाशिककर सुगरणींनो, जरा तपासून सांगा. दुपारी बाराला नैवेद्य, म्हणून कांदा-लसूण नाही. बेत: श्रीखंड-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, तोंडली घालून मसालेभात, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, साधं वरण.

श्रीखंडाला १ किलो चक्का, ८०० ग्रॅम साखर. माणशी साधारण सव्वाशे ग्रॅम. साखर कालवून दोन तास ठेवून मग पुरणयंत्रातून काढायचं. चक्का नीट निथळलेला नसेल तर साखरेने पाणी सुटून श्रीखंड सैल होतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर टांगला तर आंबटही. मग रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीवर, वर वजन ठेवून निथळू द्यावा का? की पंचवटीत किंवा कॉलेजरोडला तयार चक्का चांगला मिळतो? आंबट नको, एवढीच अट.

वडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून ठेवणार, तळणं आयत्या वेळी.

खरी अडचण पुऱ्यांची. १ किलो कणीक, १०० ग्रॅम रवा, घट्ट भिजवून (सैल कणीक तेल पिते). पण एका शेगडीवर मसालेभात असताना दुसरीवर पुऱ्या आणि वड्या दोन्ही कशा उरकायच्या? भात अकरालाच करून झाकून ठेवला तर गिचका होईल का?